नेपल्सचे सणवार नॉर्थम्ब्रियाच्या पोथीत: अँग्लो-सॅक्सन कला आणि आद्य ख्रिस्ती केंद्रे

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत चर्मपत्रावर लिहिलेली एक लॅटिन पोथी आहे. तिला लिंडिस्फार्न शुभवर्तमाने म्हणतात (शुभवर्तमाने म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांची येशूची चार चरित्रे), आणि तिची रंगीत पाने कधी ना कधी बहुतेकांनी चित्रांत पाहिलेली असतात. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ, भरती आली की मुख्य भूमीपासून तुटणाऱ्या लिंडिस्फार्न नावाच्या एका लहानशा बेटावर, इ. स. ७०० च्या सुमारास ती तयार झाली. या पोथीत शुभवर्तमानांच्या आधी सणावारांच्या याद्या दिलेल्या आहेत, आणि त्या याद्यांत चक्क इटलीतल्या नेपल्सचे संत जानुआरियस आहेत. उत्तर समुद्राच्या वाऱ्यात कुडकुडणाऱ्या साधूंना नेपल्सच्या ग्रामदैवतासारख्या संताशी काय कर्तव्य होते?

कोकणातल्या एखाद्या देवळाच्या जुन्या बाडात मदुराईच्या मीनाक्षीच्या उत्सवाची तिथी सापडली, तर आपण काय म्हणू? मूळ बाड कुणीतरी तिकडून आणले असणार, आणि उतरवून घेणाऱ्याने आपल्याला लागू नसलेली तिथीसुद्धा निष्ठेने उतरवली असणार. अभ्यासकांनीही लिंडिस्फार्नच्या पोथीबाबत हाच निष्कर्ष काढला. 'प्रभाव' हा शब्द कलेच्या इतिहासात फार सैलपणे वापरला जातो, जणू तो साथीसारखा हवेतून पसरतो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी गाठोड्यातून येतो. अँग्लो-सॅक्सन कलेच्या बाबतीत यातली काही गाठोडी कुणाची होती, हे नावानिशी सांगता येते.

मुळात हे लोक कोण?

पाचव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधली रोमन सत्ता संपली आणि त्यानंतर आजच्या उत्तर जर्मनी व डेन्मार्कच्या बाजूने अँगल, सॅक्सन आणि ज्यूट लोक येऊन तिथे स्थिरावले. या सर्वांना मिळून अँग्लो-सॅक्सन म्हणतात. त्यांची केंट, मर्सिया, वेसेक्स, नॉर्थम्ब्रिया अशी अनेक राज्ये होती; लिंडिस्फार्न यांतल्या उत्तरेकडच्या नॉर्थम्ब्रियात होते. आपल्या जर्मानिक देवांना ते भजत, लाकडाची घरे बांधत, आणि रून नावाच्या टोकदार अक्षरांपलीकडे त्यांच्याकडे लेखन नव्हते. ग्रंथ नाही, दगडी इमारत नाही, भिंतीवरचे चित्र नाही, हे वाचून ते कलाहीन होते असे वाटेल. पण त्यांची कला अंगावर वागवण्याची होती. ती सोनारकामात होती.

१९३९ मध्ये सफक परगण्यातल्या सटन हू येथे एका मातीच्या उंचवट्याखाली अख्ख्या जहाजासह पुरलेला राजेशाही खजिना सापडला. तो सातव्या शतकाच्या पूर्वार्धातला आहे. त्यातले कमरपट्ट्याचे सोन्याचे बक्कल चारशे ग्रॅमहून थोडे अधिक भरते. लांबून पाहिले तर त्यावर नुसती गुंतागुंतीची दोरी दिसते. जवळून पाहिले की त्या दोरीला डोळे फुटतात, जबडे फुटतात, आणि एकमेकांना चावत गुंफलेले साप आणि श्वापदे वेगळी होऊ लागतात. त्याच खजिन्यातल्या खांद्यावरच्या कड्यांमध्ये सोन्याच्या बारीक घरांत गार्नेटचे तांबडे खडे बसवलेले आहेत, आणि उजेड परतावा म्हणून प्रत्येक खड्याखाली नक्षी ठोकलेला सोन्याचा पातळ पत्रा घातलेला आहे. आपल्याकडच्या कुंदनकामाची ओळख असणाऱ्याला ही युक्ती लगेच कळेल. या काळातल्या अँग्लो-सॅक्सन दागिन्यांतील गार्नेटांची तपासणी झाली, तेव्हा काही खडे आजच्या चेक प्रदेशातले, तर काही भारत-श्रीलंकेच्या बाजूचे निघाले.

याच थडग्यात पूर्व रोमन साम्राज्यातून आलेली, क्रूसाची नक्षी असलेली चांदीची भांडीही होती. म्हणजे नवा धर्म नीट रुजण्याआधीच ख्रिस्ती वस्तू पोहोचल्या होत्या. हे थडगे ज्याचे असावे असे बहुतेक जण मानतात, त्या रेडवाल्ड राजाने एकाच देवळात ख्रिस्ताची वेदी आणि जुन्या देवांची वेदी अशा दोन्ही ठेवल्या होत्या, अशी तक्रार बीड या साधू-इतिहासकाराने नोंदवली आहे. (आपल्या बीड जिल्ह्याशी या नावाचा काही संबंध नाही.) एका देवघरात दोन दैवते नांदवणे मराठी वाचकाला खटकणार नाही, बीडला मात्र ते फार खटकले.

'केंद्र' म्हणजे नेमके काय?

इथे केंद्र म्हणजे मठ. पण मठ म्हटल्यावर केवळ प्रार्थनेची जागा डोळ्यांपुढे आणू नये. त्या काळचा मठ म्हणजे देऊळ, पाठशाळा, ग्रंथालय, लेखनिकांची खोली आणि कारागिरांचे कारखाने यांचा एकत्र वाडा होता. कातडे कमावणारा, शाई उकळणारा, सोनार आणि पाथरवट हे सगळे त्याच्या आसऱ्याला असत.

अशा केंद्रांशी अँग्लो-सॅक्सनांचा संबंध दोन दिशांनी आला. ५९७ मध्ये पोप ग्रेगरी यांनी धाडलेला ऑगस्टीन केंटला उतरला. राजापुढे येताना त्याच्या लोकांनी चांदीचा क्रूस आणि फळीवर रंगवलेली ख्रिस्ताची प्रतिमा धरली होती, असे बीड सांगतो. रोमच्या या मोहिमेने राजापुढे धर्म आणला तो असा एका चित्रासह. सहाव्या शतकातली एक इटालियन शुभवर्तमानाची प्रत त्या मोहिमेबरोबर आली असे परंपरा मानते. ती आज केंब्रिजमध्ये आहे आणि कँटरबरीचे नवे आर्चबिशप गादीवर येतात त्या विधीत आजही ती आणली जाते.

दुसरी दिशा आयर्लंडची. आयरिश संत कोलंबा यांनी ५६३ मध्ये स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयोना बेटावर मठ स्थापला, आणि तिथल्या एडन नावाच्या साधूने नॉर्थम्ब्रियाच्या ओसवाल्ड राजाच्या बोलावण्यावरून ६३५ मध्ये लिंडिस्फार्नला मठ उभारला. पुढे ईस्टरची तारीख कोणत्या गणिताने काढायची यावरून दोन्ही परंपरांचे वाजले. ६६४ मध्ये व्हिट्बीच्या सभेत कौल रोमच्या बाजूने लागला. तारखेचा वाद तिथे मिटला, पण लिहिण्या-रंगवण्याची आयरिश वळणे लेखनिकांच्या बोटांत राहिलीच.

बिस्कोपच्या सामानात काय होते?

आता गाठोड्याकडे येऊ. बेनेडिक्ट बिस्कोप हा नॉर्थम्ब्रियाचा सरदार. राजाची चाकरी सोडून तो साधू झाला आणि आयुष्यात किमान पाच वेळा रोमला जाऊन आला. आल्प्स ओलांडून जायचे, तेही सातव्या शतकात, हे लक्षात घेतले तर हा आकडा लहान नाही. त्याने ६७४ मध्ये वेअरमथ आणि काही वर्षांनी जॅरो असे दोन जोडमठ उभारले. दगडी बांधकाम 'रोमन पद्धतीचे' हवे म्हणून त्याने गॉलमधून, म्हणजे आजच्या फ्रान्समधून, गवंडी आणले, आणि खिडक्यांना काच हवी म्हणून काचकाम करणारे आणवले, कारण ती विद्या ब्रिटनमध्ये कुणाला येत नव्हती. जॅरोच्या उत्खननात त्या रंगीत काचांचे तुकडे खरोखरच सापडले आहेत.

रोमहून त्याने पुस्तके आणली, पवित्र अवशेष आणले, गायन शिकवायला संत पीटरच्या चर्चमधला मुख्य गायक आणला, आणि चित्रे आणली. बीड लहानपणापासून या मठांत वाढला, त्यामुळे त्याचे वर्णन घरच्या माणसाचे आहे. वेअरमथच्या चर्चमध्ये मध्यभागी मरिया आणि बारा प्रेषित, दक्षिणेच्या भिंतीवर शुभवर्तमानातले प्रसंग आणि उत्तरेच्या भिंतीवर प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली दृश्ये होती. जॅरोला जोडचित्रे होती: बळीसाठीचे लाकूड स्वतःच वाहून नेणारा इसहाक, आणि त्याच्या शेजारी स्वतःचा क्रूस वाहणारा ख्रिस्त. अक्षरओळख नसलेल्यालाही कथा कळावी हा हेतू बीड स्पष्ट सांगतो. ही सर्व चित्रे आज नष्ट झाली आहेत, पण 'भूमध्य प्रदेशाचा प्रभाव' ज्याला म्हणतात तो इतका मूर्त होता.

नेपल्सचा धागाही इथेच सापडतो. ६६९ मध्ये कँटरबरीला आर्चबिशप म्हणून थिओडोर आला. तो आजच्या तुर्कस्तानातल्या टार्ससचा, ग्रीक बोलणारा. त्याच्या पाठोपाठ आलेला हेड्रियन जन्माने उत्तर आफ्रिकेचा आणि नेपल्सजवळच्या एका मठाचा मठाधिपती. थिओडोरला रोमहून वाट दाखवत घेऊन आला तो स्वतः बिस्कोप. नेपल्सची पोथी हेड्रियनच्या सामानातून आली असावी हा अभ्यासकांचा आवडता तर्क आहे, आणि पोथ्या ज्या वाटेने फिरत ती वाट पाहता तो मला पटतो.

एकच बंदिश, दोन घराणी

आता दोन पाने शेजारी ठेवू, कारण या सबंध विषयाचे मर्म त्यांत आहे.

पहिले पान जॅरो-वेअरमथमध्ये तयार झालेल्या एका प्रचंड बायबलमधले. या ग्रंथाचे नाव कोडेक्स अमियाटिनस. हजाराहून अधिक पाने, वजन सुमारे ३४ किलो आणि पाचशेहून अधिक वासरांची कातडी असा त्याचा पसारा आहे. त्यात जुन्या करारातला एज्रा लिहीत बसलेला दाखवला आहे: बाकावर बसलेला, पाय चौरंगावर, मांडीवर पुस्तक, पाठीमागे उघडे कपाट आणि त्यात नऊ ग्रंथ आडवे रचलेले. त्याच्या वस्त्राच्या चुण्यांना छाया आहे, कपाटाला खोली आहे, जमिनीवर दौत पडलेली आहे.

दुसरे पान लिंडिस्फार्नच्या पोथीतले. तिथे संत मत्तय लिहीत बसला आहे, आणि त्याची बैठक एज्राचीच आहे. तोच बाक, पायाखाली तसाच चौरंग, पाठीला तोच वाक, मांडीवरच्या पुस्तकावर झुकलेला तोच हात. दोन्ही मठांत अंतर शंभर किलोमीटरच्याही आतले. दोघांसमोर एकच इटालियन नमुना किंवा त्याच्या प्रती असल्या पाहिजेत. पण लिंडिस्फार्नच्या चित्रकाराने कपाट काढून टाकले, सावल्या काढून टाकल्या, चुण्यांच्या जागी रंगीत रेघा ओढल्या आणि मागची खोली सपाट करून टाकली. एका बाजूच्या पडद्याआडून कुणीतरी डोकावतो आहे, डोक्यावर कर्णा फुंकणारा देवदूत आहे, आणि मत्तयाचे नाव ग्रीक धाटणीने, पण लॅटिन अक्षरांत लिहिले आहे.

एकच बंदिश दोन घराण्यांत ऐकावी तसे हे आहे. जॅरोच्या गायकाने गुरूची गायकी शब्दशः उचलली, लिंडिस्फार्नच्याने बंदिश घेतली आणि गळा आपला ठेवला. लिंडिस्फार्नच्या चित्रकाराला 'खोली जमली नाही' असे जुन्या पुस्तकांत म्हटलेले आढळते. मला ते मान्य नाही. जो माणूस एका पानावर दहा हजारांहून अधिक तांबूस ठिपके न चुकता बसवतो, त्याला सावली काढता आली नसती असे मानणे कठीण आहे. सोनाराच्या डोळ्याला सपाट पृष्ठभाग, धारदार कड आणि भरलेला रंग प्रिय असतो. त्याने तेच केले.

मग ही नक्कलच नव्हे का?

हा आक्षेप स्वाभाविक आहे, आणि अमियाटिनसच्या बाबतीत तो जवळजवळ खरा ठरतो. मठाधिपती चेओलफ्रिथ हा ग्रंथ पोपना भेट देण्यासाठी ७१६ मध्ये स्वतः घेऊन निघाला आणि वाटेत, फ्रान्समधल्या लांग्र येथे, वारला. ग्रंथ पुढे इटलीत पोहोचला. कुणीतरी अर्पणपत्रिकेतले त्याचे नाव खरवडून दुसऱ्याचे घातले, आणि त्यानंतर शतकानुशतके हा ग्रंथ इटालियनच समजला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मूळ ओळी ओळखू आल्या, तेव्हा 'अँगलांच्या दूरच्या सीमेवरून' आलेल्या चेओलफ्रिथचे नाव पुन्हा उजेडात आले. तज्ज्ञांनाही फसवणारी ही नक्कल मठाने मुद्दाम साधली होती. जगाच्या कडेला राहूनही आम्ही रोमच्या तोडीचे आहोत, हे त्यांना रोमलाच दाखवायचे होते. आज हा ग्रंथ फ्लॉरेन्समध्ये आहे. २०१८ मध्ये एका प्रदर्शनासाठी तो तेराशे वर्षांनंतर प्रथमच इंग्लंडला आला.

लिंडिस्फार्नच्या पोथीला मात्र हा आक्षेप लागू पडत नाही. तिच्यातल्या पाच पानांवर एकही अक्षर नाही. क्रूसाच्या आकाराभोवती सबंध पान नक्षीने भरलेले आहे. गालिच्यासारखी दिसतात म्हणून त्यांना गालिचापाने म्हणतात. त्या नक्षीत सटन हूच्या बक्कलावरचीच मंडळी आहेत: लांब मानेचे पक्षी, स्वतःच्याच शेपटीत गुंतलेली श्वापदे. पानांच्या मागच्या बाजूला कंपासाची भोके, टोचण्या आणि आखणीच्या रेघा अजून दिसतात. ज्यांनी ठिपक्यांची रांगोळी काढली आहे त्यांना ही रीत समजावून सांगायला नको. आधी ठिपके बिनचूक, मग रेघ कितीही वळली तरी ती जागेवरच येते.

रंगांविषयी एक दुरुस्ती इथेच नोंदवतो, कारण चुकीची माहिती अजून फिरते. या पोथीतला निळा रंग अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडाचा आहे, असे बरीच वर्षे लिहिले जात होते. लेझर किरणांच्या साह्याने तपासणी झाल्यावर तो वोड नावाच्या झुडपाच्या पानांतून काढलेला, आपल्या निळीचाच रासायनिक भाऊबंद निघाला. दूरचा संबंध दिसला की तो मानून टाकण्याचा मोह आवरावा लागतो.

इजिप्तचा संबंध कितपत खरा?

तो मोह सर्वांत जास्त होतो तो इजिप्तबाबत. इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांना कॉप्ट म्हणतात, आणि ख्रिस्ती संन्यासाची परंपरा त्यांच्याच वाळवंटात रुजली. गालिचापानांची कल्पना त्यांच्याकडून आली असे अनेक जण मानतात, आणि गुंफलेल्या क्रूसाचे पानभर चित्र असलेली एक जुनी कॉप्टिक पोथी आजही उपलब्ध आहे. पण गुंफणकाम अँग्लो-सॅक्सन सोनारांकडेही होते आणि ब्रिटनमधल्या रोमन फरश्यांवरही होते. माझ्या मते पानभर क्रूसाची चौकट भूमध्य प्रदेशातून आली आणि तिच्यातला भरणा घरचा होता.

यापेक्षा भक्कम पुरावा एका लहानशा पुस्तकाच्या पाठीत आहे. लिंडिस्फार्नचे संत कथबर्ट ६८७ मध्ये वारले. त्यांची शवपेटी ११०४ मध्ये डरहॅमला उघडली, तेव्हा आत तळहातावर मावेल एवढे योहानाचे शुभवर्तमान मिळाले. ब्रिटिश लायब्ररीने ते २०१२ मध्ये ९० लाख पौंडांना विकत घेतले. त्याची पाने ज्या टाक्याने शिवली आहेत तो टाका कॉप्टिक पुस्तकांचा आहे. नक्षी नुसती पाहून उतरवता येते, पण शिवण कुणाच्या तरी हाताखाली बसूनच शिकावी लागते. ती शिकवणारी साखळी इजिप्तपासून नॉर्थम्ब्रियापर्यंत कुठेतरी अखंड होती.

आज स्कॉटलंडमध्ये असलेल्या, पण तेव्हा नॉर्थम्ब्रियाच्या राज्यात मोडणाऱ्या रथवेल गावी आठव्या शतकातला पाच मीटरहून उंच दगडी क्रूस आहे. त्यावर इजिप्तच्या वाळवंटात पौल आणि अँथनी हे दोन संन्यासी एकच भाकरी मोडून खाताना कोरले आहेत. त्याच क्रूसाच्या कडांवर पक्षी आणि जनावरे फळे टिपत असलेली द्राक्षवेल आहे, 'मी खरा द्राक्षवेल आहे' या ख्रिस्तवचनाची आठवण देणारी आणि थेट भूमध्य प्रदेशातली. पण तिच्या भोवती जुन्या इंग्रजीत, रून अक्षरांत, एक कविता कोरली आहे. तीत क्रूसाचे लाकूड स्वतःच बोलते. तरुण वीर आपल्यावर चढला तेव्हा आपण थरथरलो, पण झुकलो नाही, असे ते सांगते. स्वामीनिष्ठ योद्ध्याची भाषा त्या लाकडाच्या तोंडी आली आहे.

हे तर आयरिश, अँग्लो-सॅक्सन कसे?

आयर्लंडमधून हा प्रश्न नेहमी विचारला जातो, आणि त्यात तथ्य आहे. ड्युरोची पोथी किंवा केल्सची पोथी या याच शैलीतल्या शुभवर्तमानांच्या पोथ्यांपैकी कोणती नेमकी कोणत्या मठात लिहिली गेली यावर आजही एकमत नाही. लेखनिक आयोना, लिंडिस्फार्न आणि आयर्लंड यांच्या दरम्यान जात-येत असत, म्हणून अभ्यासकांनी या सगळ्या शैलीला 'इन्सुलर', म्हणजे बेटांवरची, असे सोयीचे नाव दिले. भाषेच्या सीमेवरच्या गावातले लोकगीत मराठी की कानडी हे ठरवताना जी अडचण येते, तीच इथे आहे. लिंडिस्फार्नच्या पोथीचा चित्रकार अँग्लो-सॅक्सन होता, तिची अक्षरे आयरिश वळणाची आहेत आणि लॅटिन मजकूर इटलीतल्या प्रतीवरून उतरवलेला आहे, एवढे म्हटले की पुरे.

जुने देव कुठे गेले?

नव्या धर्माने जुनी कला पुसून टाकली असेल, अशी शंका येते. पोप ग्रेगरी यांनी ६०१ मध्ये लिहिलेले एक पत्र बीडने उतरवून ठेवले आहे: मूर्ती मोडा, पण देवळे पाडू नका, त्यांवर तीर्थ शिंपडून तीच वापरा. कारागिरांनी तर मूर्तींचीही गय केली, असे ब्रिटिश म्युझियममधल्या एका पेटीकडे पाहून वाटते. फ्रँक्स पेटी नावाने ती ओळखली जाते. ती व्हेलच्या हाडाची, आठव्या शतकाच्या सुमाराची आहे. तिच्या दर्शनी बाजूचे दोन भाग आहेत. उजवीकडे पूर्वेचे मागी, म्हणजे ज्ञानी लोक, मरियेच्या मांडीवरच्या बाळाला नजराणे देत आहेत, आणि गैरसमज नको म्हणून वर रून अक्षरांत 'मागी' असे लिहिलेही आहे. डावीकडे वेलंड हा दंतकथेतला लंगडा लोहार. ज्याने त्याला लंगडे केले त्या राजाच्या मुलांना मारून त्यांच्या कवट्यांचे पेले करणारा. त्याच्या पायाशी मुंडके नसलेले धड पडले आहे आणि हातातला पेला तो पुढे करतो आहे. दोन्हीकडे भेटवस्तू देण्याचाच प्रसंग आहे, एक भक्तीचा आणि एक सूडाचा. कोरणाऱ्याने ही जोडी मुद्दाम लावली असणार. जॅरोच्या भिंतीवर इसहाक आणि ख्रिस्त शेजारी बसवण्याची जी रीत होती, तीच इथे जुन्या दंतकथेला लावली आहे.

पुढचा भाग थोडक्यात सांगता येतो. ७९३ मध्ये व्हायकिंगांनी लिंडिस्फार्न लुटले, आणि नवव्या शतकात साधू संत कथबर्टची शवपेटी व ही पोथी घेऊन बेट सोडून गेले. दहाव्या शतकात कलेचे केंद्र दक्षिणेला विंचेस्टर आणि कँटरबरीकडे सरकले, आणि नमुने आता फ्रँकांच्या राज्यातून, म्हणजे आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या बाजूने, येऊ लागले. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पोथी मात्र टिकली. त्याच शतकात ऑल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूने तिच्या लॅटिन ओळींच्या मधोमध, बारीक अक्षरांत, शब्दाला शब्द जुन्या इंग्रजीत लिहिला. शुभवर्तमानांचे इंग्रजीतले उपलब्ध असलेले हे सर्वांत जुने रूप आहे. शेवटी त्याने चार नावे नोंदवली: लिहिणारा बिशप एडफ्रिथ, बांधणी करणारा एथिलवाल्ड, सोने, चांदी आणि रत्नांनी बाहेरून मढवणारा बिलफ्रिथ, आणि चौथा ऑल्ड्रेड स्वतः. बिलफ्रिथ सोनार होता. त्याने घडवलेले वेष्टन कधीच नाहीसे झाले. आज पोथीवर जे रत्नजडित वेष्टन आहे ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर डरहॅमच्या बिशपांनी करवून घेतले, आणि त्याची नक्षी कारागिरांनी आतल्या पानांवरूनच उतरवली.